सिरॉसिस किती पुढे गेला आहे, हे कसं ठरवायचं: चाइल्ड-प्यू, मेल्ड आणि स्कोअरमध्ये न मावणाऱ्या गोष्टी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘सिरॉसिस’ (लिव्हर व्रणांनी भरून कडक होणं) हा शब्द दिसला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती सिरियस आहे?’ याचं उत्तर सोनोग्राफीत सापडत नाही, आणि एसजीओटी-एसजीपीटीमध्ये तर नाहीच. ही दोन एन्झाइम्स पेशींची मोडतोड सांगतात. लिव्हर शेवटच्या टप्प्यात पोचलं की मोडायला पेशीच फारशा उरत नाहीत, म्हणून आकडे चाळीस-पन्नासवर येऊन बसतात. घरचे समजतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आले’, आणि त्याच महिन्यात पोटात पाणी भरतं.

आजाराची तीव्रता ठरवायला तीन गोष्टी लागतात: लिव्हर किती काम करतंय, त्याच्यामुळे किडनी, मेंदू आणि रक्ताभिसरण किती ओढले गेलेत, आणि यातला कोणता बिघाड अजून मागे फिरवता येईल. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते आणि भाकीत तिथेच चुकतं. हा लेख फॅमिली डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि पेशंटची फाइल सांभाळणारे नातेवाईक यांच्यासाठी आहे. औषधांचे डोस डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. घरच्यांनी ते वाचून समजून घ्यावेत, स्वतः वापरू नयेत.

पहिला प्रश्न कॅल्क्युलेटरविना

कुठलाही स्कोअर काढण्याआधी विचारा: या पेशंटला आजवर पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी, भ्रम किंवा गुंगी, अथवा डोळे पिवळे होणं यांपैकी काही झालंय का? यांपैकी एकही झालं नसेल तर सिरॉसिस ‘कॉम्पेन्सेटेड’ म्हणजे सावरलेला. अशा पेशंटांच्या अभ्यासांत मध्यम आयुर्मान १२ वर्षांहून अधिक आढळलं. एकदा ही रेषा ओलांडली की ते सुमारे २ वर्षांवर येतं. पुढच्या सगळ्या गणितापेक्षा ही एक रेषा मोठी आहे, म्हणून ती ओलांडल्याची तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.

इथे एक फसगत नेहमी होते. गोळ्यांनी पाणी उतरलं की पेशंट ‘आता बरा’ म्हणून नोंदला जातो. पाणी गोळ्यांच्या जोरावर उतरलं असेल तर तो अजून रेषेच्या पलीकडेच आहे. मूळ कारण काबूत आलं असेल (दारू सुटली, हिपॅटायटिस बी किंवा सी दबला), गोळ्या थांबवूनही पाणी आलं नसेल, रक्तस्राव किंवा भ्रम पुन्हा झाला नसेल आणि लिव्हरचे आकडेही सुधारलेले टिकले असतील, आणि हे सगळं किमान वर्षभर राहिलं, तरच तो अलीकडे परतला असं म्हणता येतं.

आकडे कसे गोळा करायचे

बिलिरुबिन (कावीळ मोजणारा आकडा), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) आणि सोडियम हे पाचही आकडे एकाच दिवसाचे आणि शक्यतो एकाच लॅबचे हवेत. सोमवारचं बिलिरुबिन आणि मागच्या महिन्याचं क्रिएटिनिन जोडून काढलेला मेल्ड (या आकड्यांवरून निघणारा तीव्रतेचा स्कोअर) कुणाचाच नसतो.

पीटी-आयएनआरसाठी निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब लागते. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण असतं, म्हणून ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. शीर मिळत नाही म्हणून अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटा वाढलेला दिसतो. रिपोर्ट अचानक १.४ वरून २.६ वर उडाला आणि पेशंट तसाच दिसतोय, तर आधी नमुना पुन्हा पाठवा.

आकडा लिव्हरचाच आहे ना, हेही तपासा. पेशंट वॉरफरिनवर असेल तर आयएनआर बाद. पित्त अडून कावीळ झाली असेल किंवा बरेच दिवस अँटिबायोटिक्स आणि उपासमार असेल तर व्हिटॅमिन के कमी पडतं. अशा वेळी १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश तीन दिवस देऊन आयएनआर पुन्हा करावा. उतरला तर तेवढा दोष लिव्हरचा नव्हता. प्लाझ्मा दिल्यानंतरचा आयएनआर आणि अल्ब्युमिनच्या बाटल्या लावल्यानंतरचं अल्ब्युमिन स्कोअरमध्ये धरू नये. बिलिरुबिनमधला बहुतांश भाग इनडायरेक्ट असेल तर रक्तपेशी फुटत आहेत का ते पाहावं.

सगळ्यांत लबाड आकडा क्रिएटिनिनचा. ते स्नायूंपासून तयार होतं. हातापायांच्या काड्या झालेल्या पेशंटमध्ये किडनी निम्मी गेली तरी ०.९ येऊ शकतं. शिवाय जुन्या जाफे पद्धतीने मोजणाऱ्या लॅबमध्ये बिलिरुबिन खूप वाढलं की क्रिएटिनिन कमी दाखवलं जातं. बायकांमध्ये स्नायू कमी, त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांचा आजार स्कोअरमध्ये हलका दिसत आला.

दुबई, मस्कत किंवा लंडनहून आलेल्या फाइलमध्ये एकके वेगळी असतात. तिथे बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असतात. बिलिरुबिनला १७.१ ने आणि क्रिएटिनिनला ८८.४ ने भागलं की आपलं मिलिग्रॅम मिळतं. अल्ब्युमिन ग्रॅम प्रति लिटर असेल तर १० ने भागा. म्हणजे बिलिरुबिन ५५, क्रिएटिनिन १२४, अल्ब्युमिन २६ हे आपल्याकडचे ३.२, १.४ आणि २.६.

चाइल्ड-प्यू: खाटेशेजारी काढायचा स्कोअर

चाइल्ड आणि टरकॉट यांनी १९६४ मध्ये शस्त्रक्रियेचा धोका जोखायला वर्गवारी केली. १९७३ मध्ये प्यू आणि सहकाऱ्यांनी तिच्यातला ‘पोषण’ हा निकष काढून पीटी घातला. पाच निकष, प्रत्येकी १ ते ३ गुण.

बिलिरुबिन २ च्या खाली १, २ ते ३ असेल तर २, त्यावर ३.
अल्ब्युमिन ३.५ च्या वर १, २.८ ते ३.५ असेल तर २, त्याखाली ३.
आयएनआर १.७ च्या खाली १, १.७ ते २.३ असेल तर २, त्यावर ३.
पोटात पाणी नसेल तर १, थोडं असेल तर २, मध्यम किंवा जास्त असेल तर ३.
भ्रम नसेल तर १, पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा असेल तर २, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा असेल तर ३.

बेरीज ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ म्हणजे बी, १० ते १५ म्हणजे सी. एक वर्ष जगण्याचं प्रमाण ढोबळमानाने ए मध्ये जवळपास सगळे, बी मध्ये शंभरातले ८०, सी मध्ये ४५. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिससारख्या पित्त साचणाऱ्या आजारांत बिलिरुबिनच्या मर्यादा ४ आणि १० अशा धरतात, नाहीतर पेशंट विनाकारण वरच्या वर्गात जातो.

या स्कोअरचा कच्चा दुवा म्हणजे शेवटचे दोन निकष. ‘थोडं’ पाणी आणि ‘मध्यम’ पाणी यातला फरक तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहतो. दुसरी मर्यादा अशी की बिलिरुबिन ४ असो की २४, गुण तीनच.

भ्रमाची पहिली श्रेणी तर सर्रास सुटते. पेशंट हसून बोलतो, नाव-गाव सांगतो, आणि आपण ‘नॉर्मल’ लिहितो. दोन्ही हात पुढे करून, पंजे पोलीस गाडी थांबवताना धरतात तसे वर धरायला सांगा आणि अर्धा मिनिट पाहा. पंजे झटके देत खाली पडत असतील तर भ्रम दुसऱ्या श्रेणीत पोचलेला असतो. त्याआधीचं ओळखायचं तर एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावा. १० सुद्धा होत नसतील तर मेंदूवर परिणाम झालाय असं धरून चाला. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगा. आणि बायकोला किंवा मुलाला विचारा, ‘रात्री जागे आणि दिवसा झोपलेले असतात का?’ झोपेचं हे उलटंपालटं चक्र घरच्यांना आठवडाभर आधी दिसलेलं असतं. रक्तातल्या अमोनियाच्या आकड्यावर श्रेणी ठरवू नये. तो नॉर्मल आला तर मात्र गुंगीचं दुसरं कारण शोधावं: साखर, सोडियम, झोपेची गोळी, डोक्याला मार.

मेल्ड: आणि तो दोनदा का काढायचा

मेल्ड २००० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये टिप्स (लिव्हरमधला दाब उतरवायला आतून नळी बसवणं) ही प्रक्रिया झालेल्या पेशंटांसाठी तयार झाला, आणि फेब्रुवारी २००२ पासून तिथे लिव्हर कुणाला आधी द्यायचं हे त्यावर ठरू लागलं. सूत्र असं:

मेल्ड = ३.७८ × बिलिरुबिनचा नॅचरल लॉग + ११.२ × आयएनआरचा नॅचरल लॉग + ९.५७ × क्रिएटिनिनचा नॅचरल लॉग + ६.४३

१ पेक्षा कमी असलेला कुठलाही आकडा १ धरायचा. क्रिएटिनिन ४ च्या वर गेलं तरी ४ च. आठवड्यात दोन डायलिसिस झाले असतील तर क्रिएटिनिन कितीही असो, ४ धरायचं. ही शेवटची अट विसरली की डायलिसिसवरचा पेशंट कागदावर एकदम ‘सुधारतो’.

स्कोअर ११ च्या वर असेल तर सोडियम मिळवतात: मेल्ड + १.३२ × (१३७ − सोडियम) − ०.०३३ × मेल्ड × (१३७ − सोडियम). सोडियम १२५ ते १३७ याच हद्दीत धरायचं.

एक उदाहरण करून पाहू. समजा, पेशंट ५२ वर्षांचा पुरुष, वजन ६० किलो. पोटात मध्यम पाणी, फ्रुसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन या पाण्याच्या गोळ्या सुरू, गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकही सुरू. बिलिरुबिन ३.२, आयएनआर १.८, क्रिएटिनिन १.४ (तीन आठवड्यांपूर्वी ०.८), सोडियम १२८, अल्ब्युमिन २.६, भ्रम नाही. चाइल्ड-प्यू ३+३+२+३+१ म्हणजे १२, वर्ग सी. मेल्ड ४.४ + ६.६ + ३.२ + ६.४, म्हणजे २०.६. सोडियम धरून २६.

इथे थांबून घरच्यांना आकडा सांगितला तर ती चूक ठरेल. या पेशंटचं क्रिएटिनिन तीन आठवड्यांत ०.८ वरून १.४ वर गेलंय. सिरॉसिसमध्ये क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने किंवा मुळापासून दीडपट वाढलं की तो किडनीचा तातडीचा बिघाड मानतात, १.४ हा आकडा वरवर कितीही साधा वाटो. म्हणून डायक्लोफेनॅक बंद, पाण्याच्या गोळ्या बंद, पोटातल्या पाण्याची तपासणी, आणि अल्ब्युमिन दिवसाला १ ग्रॅम प्रति किलो, कमाल १०० ग्रॅम. ६० किलोला ६० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या तीन बाटल्या. फुप्फुसात पाणी चढत नाही ना, यासाठी श्वास आणि ऑक्सिजनवर सतत नजर हवी.

समजा, पाच दिवसांनी क्रिएटिनिन ०.९ आणि सोडियम १३२ झालं. बिलिरुबिन आणि आयएनआर तसेच. आता मेल्ड १७.४ आणि सोडियम धरून २१. लिव्हर तसूभरही सुधारलेलं नाही, तरी पाच गुण उतरले, कारण ते लिव्हरचे नव्हतेच. उरलेले २१ मात्र खरे. पुढचा विचार त्यांच्यावर करायचा. उलट, पाच दिवसांच्या नीट उपचारांनंतरही स्कोअर चढत राहिला तर तो चढच सगळ्यांत वाईट बातमी असते.

अमेरिकेतल्या प्रतीक्षा यादीवर तीन महिन्यांत दगावण्याचं प्रमाण साध्या मेल्डनुसार असं होतं: ९ पर्यंत सुमारे २ टक्के, १० ते १९ मध्ये ६, २० ते २९ मध्ये २०, ३० ते ३९ मध्ये ५३, ४० आणि वर ७१. हे नियमित तपासणीत असलेले पेशंट होते. महिन्यातून एकदाही क्रिएटिनिन न होणाऱ्या आपल्या पेशंटला हे टक्के जसेच्या तसे लावू नयेत. २०२३ पासून अमेरिकेत मेल्ड ३.० वापरतात. त्यात अल्ब्युमिन धरतात, क्रिएटिनिनची मर्यादा ३ आहे आणि स्त्रियांना १.३३ गुण वाढवून मिळतात. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरताना कोणती आवृत्ती आहे ते रिपोर्टवर लिहा, नाहीतर दोन भेटींतली तुलना फसते.

पाण्याची तपासणी टाळू नका

पोटात पाणी असलेला पेशंट कोणत्याही कारणाने दाखल झाला तरी १२ तासांच्या आत पाणी तपासायला काढावं. ताप नाही, पोट दुखत नाही, म्हणून संसर्ग नाही असं धरता येत नाही. कित्येकदा नुसतं क्रिएटिनिन वाढतं किंवा गुंगी येते. आयएनआर वाढलाय म्हणून सुई घालायला घाबरू नये आणि त्यासाठी आधी प्लाझ्माही देऊ नये. पाणी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पेशी मोजायला, आणि खाटेशेजारीच ब्लड कल्चरच्या बाटल्यांत प्रत्येकी १० मिली. साध्या निर्जंतुक डबीत पाठवलेल्या पाण्यातून जंतू बऱ्याचदा वाढत नाहीत.

लॅब बऱ्याचदा एकूण पेशी ८०० आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६० टक्के असं लिहिते. गुणाकार आपणच करायचा: ४८०. घनमिलिमीटरला २५० किंवा जास्त न्यूट्रोफिल म्हणजे संसर्ग, कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू. अँटिबायोटिकबरोबर पहिल्या दिवशी दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम प्रति किलो अल्ब्युमिन दिलं तर किडनी वाचण्याची शक्यता वाढते. महाग आहे म्हणून हेच अल्ब्युमिन वगळलं जातं, आणि मग डायलिसिसचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो.

जिथे वेगळा स्कोअर लागतो

दारू सुरू असताना अचानक कावीळ चढली, तर मॅड्रे स्कोअर काढा: ४.६ × (पेशंटचा पीटी − कंट्रोल पीटी, म्हणजे लॅबच्या नॉर्मल नमुन्याचा पीटी) + बिलिरुबिन. पीटी २४, कंट्रोल १३, बिलिरुबिन १४ असेल तर ५०.६ + १४ = ६४.६. ३२ किंवा जास्त म्हणजे तीव्र. इथे पीटी सेकंदांत घ्यायचा. आयएनआर टाकून काढलेले स्कोअर फाइलींत हमखास सापडतात. स्टेरॉइड द्यायचं ठरलं तर आधी छातीचा एक्स-रे, लघवी, रक्त आणि पोटातलं पाणी तपासून संसर्ग नाही हे पाहायचं. सातव्या दिवशी लिल स्कोअर (स्टेरॉइड लागू पडतंय का ते सांगणारा) काढायचा, ०.४५ च्या वर असेल तर स्टेरॉइड चालत नाहीये, ते थांबवून पुढचा मार्ग बोलायचा. अठ्ठावीस दिवस ‘कोर्स पूर्ण करू’ म्हणत ओढणं म्हणजे संसर्गाला दार उघडून देणं.

आधीच्या लिव्हरच्या आजारावर नवा घाव बसून बिलिरुबिन ५ च्या वर, आयएनआर १.५ च्या वर आणि चार आठवड्यांच्या आत पोटात पाणी किंवा भ्रम, असं चित्र असेल तर ते एसीएलएफ (अ‍ॅक्यूट-ऑन-क्रॉनिक लिव्हर फेल्युअर). आपल्याकडे हा घाव दारूचा असतो, हिपॅटायटिस बी उसळल्याचा असतो, टीबीच्या गोळ्यांचा असतो आणि काढ्यांचाही. गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईतूनच प्रसिद्ध झाली आहेत, म्हणून ‘घरचं काही घेतलं का?’ हा प्रश्न न रागावता विचारायला हवा. इथे एएआरसी स्कोअर उपयोगी पडतो: बिलिरुबिन, भ्रमाची श्रेणी, आयएनआर, लॅक्टेट आणि क्रिएटिनिन, एकूण ५ ते १५ गुण. ५ ते ७ गुणांत २८ दिवसांत दगावण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्के, ८ ते १० मध्ये ४५, ११ पासून पुढे ८६. चौथ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा काढावा. हा पेशंट तालुक्याच्या दवाखान्यात ‘दोन दिवस बघू’ म्हणून ठेवण्याचा नाही.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव झाला असेल तर मेल्डच सांगतो: ११ च्या खाली सहा आठवड्यांत दगावण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी, १९ च्या वर २० टक्के किंवा जास्त.

स्कोअर कमी, तरी धोका मोठा

वारंवार येणारा भ्रम, छातीत भरणारं पाणी, गोळ्यांना न जुमानणारं पोटातलं पाणी, सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत सापडलेली गाठ: यांपैकी एकाचंही वजन मेल्डमध्ये नाही. स्नायूंचंही नाही. पोट मोठं असल्यामुळे वजनकाटा फसवतो, म्हणून दंडाचा घेर मोजा, हाताची पकड पाहा, आणि हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते दर भेटीत लिहा. ‘लिव्हर खराब आहे, प्रोटीन बंद’ हा जुना सल्ला पेशंटचे स्नायू खाऊन टाकतो. रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रति किलो प्रोटीन हवं: डाळ, दही, पनीर, अंडं, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्लंच पाहिजे. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचं, पापड, सुकट आणि फरसाण यांत ते केव्हाच संपून जातं.

पहिल्यांदा रेषा ओलांडली गेली किंवा मेल्ड १५ झाला, की ट्रान्सप्लांट करणाऱ्या केंद्राकडे एकदा पाठवायलाच हवं. पाठवलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नसतं. महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसींमार्फत (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रं) होतं आणि नोंदणी रुग्णालयातून होते. नात्यातला जिवंत दाता असेल तर त्याच्या तपासण्या, कायदेशीर मंजुरी आणि पैशांची जुळवाजुळव यांत आठवडे जातात. मेल्ड ३५ झाल्यावर हा विषय काढला तर तेवढे आठवडे हातात नसतात.

घरच्यांशी बोलताना टक्क्यांपेक्षा माणसं मोजा: ‘अशा शंभर जणांपैकी साधारण वीस जण तीन महिन्यांत दगावतात, ऐंशी जगतात, यातले नेमके कुठल्या बाजूचे हे आज सांगता येत नाही, पाच दिवसांनी पुन्हा मोजू.’ दारू पूर्ण सुटली किंवा हिपॅटायटिस बीची गोळी सुरू झाली तर तीन महिन्यांनी नवा स्कोअर काढेपर्यंत कायमचं भाकीत करू नये. आणि ट्रान्सप्लांट शक्य नाही, आकडे चढतायत, हे स्पष्ट झालं असेल तर वेदना, धाप आणि पोटाचा ताण कमी करणाऱ्या उपचारांबद्दल तेव्हाच बोलावं, शेवटच्या रात्री आयसीयूच्या दारात नव्हे.

घरची वही

रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन. पाण्याच्या गोळ्या सुरू असताना पायांना सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, सूज असेल तर एक किलो, यापेक्षा वेगाने वजन उतरू देऊ नये. किडनी कोरडी पडते. शी किती वेळा झाली ते लिहा. भ्रमासाठी लॅक्टुलोज चालू असेल तर दोन ते तीन मऊ शी हव्यात. त्याच पानावर पेशंटची सही घ्या. अक्षर बिघडलं, ओळ सोडून गेलं, तर ते बोलण्यातल्या फरकाच्या आधी कळतं. दुखण्यावर दुकानातून कोणतीही गोळी आणली तर तिचं नाव लिहा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक घरात ठेवूच नका.

सही बिघडली, लघवी निम्म्यावर आली, ताप किंवा हुडहुडी भरली, काळी शी झाली, किंवा पेशंट भलत्या वेळी झोपून उठवला तरी उठेना, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी निघा, आणि निघताना वही आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या.